वाहणारा डोंगर आणि पंचाण्णव मीटरची पन्हळ

५ ऑगस्ट २०२५च्या दुपारनंतर धरालीचा तो व्हिडिओ बहुतेकांच्या फोनवर येऊन पोचला होता. उत्तरकाशी जिल्ह्यातलं, गंगोत्रीच्या वाटेवरचं हे गाव. आपल्याकडचेही बरेच यात्रेकरू त्या दिवशी त्या भागात अडकले होते. व्हिडिओत समोरच्या डोंगरावरची माणसं जिवाच्या आकांताने शिट्ट्या मारताहेत, ओरडताहेत. खीरगंगेच्या घळीतून राखाडी रंगाचं काहीतरी बाहेर पडतं आणि मिनिटाच्या आत तीन-चार मजली हॉटेलं त्यात दिसेनाशी होतात. पाणी म्हणावं तर ते पाण्यासारखं दिसत नाही. दरड म्हणावी तर वळणं घेत, ओढ्याच्या पात्रातून धावत कशी येते?

बातम्यांतही हाच गोंधळ होता. एका वाहिनीवर ढगफुटी, दुसरीवर पूर, तिसरीवर भूस्खलन. ढगफुटी म्हणजे ढोबळमानाने एका तासात शंभर मिलिमीटर पाऊस. जवळच्या नोंदणी केंद्रांवर त्या दिवशी तेवढा पाऊस नोंदलाच गेला नव्हता. मग खाली आलं ते काय?

आपल्याकडे नावच नाही

मराठीत दरड आहे. दरड कोसळते आणि पायथ्याशी ढीग होऊन पडते. सह्याद्रीत राहणाऱ्याला हे चित्र पाठ आहे: माळीण, तळिये, इर्शाळवाडी. गाव डोंगराच्या अंगाखाली आणि डोंगर गावावर. त्यामुळे आपली भीतीही तेवढ्यापुरतीच असते. घरामागच्या उतारावर भेग दिसते का, हे आपण पाहतो. उतार घरापासून लांब असला की निर्धास्त झोपतो.

केरळातल्या वायनाडने हा हिशेब चुकवला. ३० जुलै २०२४च्या पहाटे (माळीणला त्याच तारखेला बरोबर दहा वर्षं झाली होती) डोंगर सुटला तो सुमारे १५५० मीटर उंचीवर. इस्रोच्या उपग्रहचित्रांनुसार सुमारे ८६ हजार चौरस मीटर जमीन घसरली, आणि त्यातून निघालेला ऐवज नदीच्या पात्रातून जवळपास आठ किलोमीटर वाहत गेला. मुंडक्कई आणि चूरलमला या खालच्या गावांतल्या बहुतेक लोकांना तो उतार घरातून दिसतही नसेल. अडीचशेहून जास्त माणसं गेली आणि अनेकांचे मृतदेह कित्येक किलोमीटर खाली चालियार नदीत सापडले.

जपानी भाषेत यासाठी रोजच्या वापरातला शब्द आहे, दोसेकिर्यू. अर्थ सरळ: माती-दगडांचा प्रवाह. इंग्रजीत याला डेब्री फ्लो म्हणतात. मी पुढे नुसतं 'लोंढा' म्हणेन. माती, दगड, झाडं आणि पाणी एकजीव होऊन उतारावरून धावतात तो लोंढा. यात आकारमानाने निम्म्याहून जास्त भाग घन असतो. पूर म्हणजे गढूळ पाणी. लोंढा म्हणजे मिक्सरमधून ओतलं जाणारं ओलं काँक्रीट, पण त्यात खडीच्या जागी रिक्षाएवढे धोंडे. पाण्याच्या जवळपास दुप्पट घनतेमुळे हे धोंडे त्यात जणू अर्धे तरंगत येतात.

एवढे दगड धावतात कसे?

दगडमातीचा ढीग उतारावर टाकला तर तो थोडा घसरून थांबतो. दाणे एकमेकांवर घासतात, घर्षण होतं, विषय संपतो. मग हाच ढीग जवळजवळ सपाट जमिनीवर किलोमीटरभर कसा पळतो? या एका प्रश्नावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. उत्तराची चुणूक मात्र आपल्या स्वयंपाकघरात मिळते.

कढत पाण्यातून काढलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर उपडा ठेवा. बऱ्याचदा तो हात न लावता आपोआप सरकतो. आत कोंडलेली हवा गरम होऊन फुगते आणि पेल्याला कणभर उचलून धरते. पेल्याचं वजन तेवढंच असतं, पण ओट्यावर पडणारा भार कमी होतो. भार कमी तर घर्षण कमी, म्हणून जरासा उतारही पुरतो.

लोंढ्यात हवेची जागा पाणी घेतं. दाण्यांमधल्या फटींत पाणी कोंडलं आणि त्याला निसटायला वाट मिळाली नाही, की वरच्या दगडमातीचं वजन ते पाणीच पेलायला लागतं. दाणे एकमेकांवर रेटेनासे होतात. या दाबाला शास्त्रज्ञ छिद्रजलदाब म्हणतात, आपण फक्त 'कोंडलेल्या पाण्याचा दाब' म्हणू. लोंढ्याची जवळपास सगळी गोष्ट या दाबाची आहे: तो कधी तयार होतो, किती टिकतो आणि कुठे विरतो.

अडचण अशी, की हा दाब मोजायचा कसा? लोंढा येतो रात्री, पावसात, कुठल्या घळीतून येईल ते माहीत नसताना, आणि वाटेत ठेवलेलं यंत्र चिरडून जातो. मागे उरतो तो थंड पडलेला ढीग. अपघातानंतरच्या गाडीकडे बघून ब्रेक कोणत्या क्षणी निकामी झाले ते ओळखण्याइतकंच हे अवघड.

म्हणून लोंढाच बनवायचा

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, युजीन शहराच्या पूर्वेला, वनखात्याचं एक प्रायोगिक जंगल आहे. तिथे अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९१मध्ये डोंगरउतारावर काँक्रीटची एक पन्हळ बांधली. लांबी ९५ मीटर, रुंदी दोन मीटर, कडा सव्वा मीटरच्या आसपास उंच, आणि उतार ३१ अंश. एवढ्या उतारावर ओल्या मातीत नीट उभं राहता येत नाही, हे ट्रेकवाल्यांना सांगायला नको. पन्हळीच्या माथ्यावर दार असलेला हौद आहे, त्यात वीस घनमीटरपर्यंत वाळू, खडी, माती आणि पाणी मावतं. म्हणजे आपल्या साध्या डंपरच्या दोनेक खेपा.

दार उघडलं की सगळा माल खाली सुटतो. पन्हळीच्या तळात बसवलेले सेन्सर वरून जाणाऱ्या मालाचं वजन आणि त्यातल्या कोंडलेल्या पाण्याचा दाब क्षणाक्षणाला नोंदतात, वरून जाडी मोजली जाते, कॅमेरे सगळं टिपतात. लोंढा सेकंदाला दहा मीटरहून जास्त वेग गाठतो, आणि खालच्या जवळजवळ सपाट फरशीवर पसरून थांबतो. मग माणसं त्यावर चढून कुठे किती जाड थर बसला ते मोजतात, सगळं उपसतात आणि पुन्हा हौद भरतात. कामाचा मोठा भाग हमालीचाच.

हे तिथेच का सुचलं, यालाही कारण आहे. जवळच्याच वॉशिंग्टन राज्यात १८ मे १९८० रोजी माउंट सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी फुटला आणि वितळलेल्या बर्फात राख मिसळून दऱ्यांतून असेच लोंढे धावले. पाच वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९८५च्या रात्री, कोलंबियात नेवादो देल रुइस या ज्वालामुखीवरून निघालेल्या लोंढ्याने आर्मेरो हे गाव पुरलं. वीस हजारांहून जास्त माणसं मेली. लोंढ्याच्या वाटेने आर्मेरो त्या शिखरापासून सत्तरेक किलोमीटर लांब होतं.

पिठाचा डबा ठोकून भरला की न ठोकता?

पन्हळीवरचा मला सगळ्यात थक्क करणारा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्याच सर्वेक्षण संस्थेतले संशोधक रिचर्ड आयव्हर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच वाळूमिश्रित माती दोन प्रकारे भरली. एकदा भुसभुशीत, म्हणजे निम्मी जागा दाण्यांची आणि निम्मी फटींची. दुसऱ्यांदा जरा चोपून, फटी सुमारे चाळीस टक्के. दोन्ही वेळा पाणी मुरवून उतार सुटेपर्यंत वाट पाहिली.

चोपलेली माती सुटली ती अडखळत, सरासरी सेकंदाला दोन मिलिमीटर. भुसभुशीत मातीने एका सेकंदाच्या आत सेकंदाला एक मीटरचा वेग ओलांडला. माती तीच, उतार तोच, पाणीही तेच. फरक फक्त किती दाबून भरली याचा, आणि वेगात फरक पाचशे पटींहून जास्त.

हे समजायला पिठाचा डबा आठवा. सैल भरलेल्या डब्याला धक्का दिला की पीठ खाली बसतं, कारण दाण्यांना जवळ यायला जागा असते. सैल माती सरकायला लागली की तीही अशीच आकसते. पण फटींत पाणी असेल तर आकसताना ते पिळलं जातं, त्याचा दाब झटक्यात चढतो, आणि माती पातळ होऊन पळते. घट्ट मातीत उलटं होतं. दाणे आधीच एकमेकांत अडकलेले असतात, सरकायचं तर त्यांना एकमेकांवर चढावं लागतं. माती फुगते, फटी मोठ्या होतात आणि पाणी आत ओढलं जातं. मातीला आपोआप ब्रेक लागतो. गुहागरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाऊल टाकल्यावर पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट होते ना, ते याच ब्रेकचं दृश्य.

पुढे हे पन्हळीबाहेरही दिसलं. २२ मार्च २०१४ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या ओसो इथे एक उतार सुटून सपाट दरीत एक किलोमीटरहून जास्त पळत गेला आणि त्रेचाळीस माणसं गेली. हाच उतार २००६मध्येही घसरला होता, पण तेव्हा तो नदीपाशी थांबला. लोकांनी त्यावरून हिशेब बांधला होता की घसरला तरी एवढाच घसरतो. ओसोच्या अभ्यासात संगणकावर सुरुवातीचा भुसभुशीतपणा किंचित बदलून पाहिला तेव्हा कधी थोडीशी घसरण, तर कधी दरी ओलांडणारा लोंढा, असे दोन्ही शेवट निघाले.

चमचाभर चिखल, चिवडा आणि ओली वाट

बाकीचे निष्कर्षही अंदाज चुकवणारेच. २०१०मध्ये अठ्ठावीस प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. काही मिश्रणांत बारीक चिखल फक्त एक टक्का होता, काहींत सात टक्के. सात टक्क्यांनी मोठा फरक पडला. बारीक चिखल फटी बुजवतो, कोंडलेलं पाणी सहज निसटत नाही, दाब टिकतो आणि लोंढा जास्त सहज वाहतो. भाताच्या खाचरात चिखलणी का करतात, हे कोकणातल्या शेतकऱ्याला विचारा. माती बारीक कालवली की पाणी खाली झिरपत नाही. तेच तत्त्व.

दुसरं, लोंढ्याचं तोंड. चिवड्याचा डबा हलवत राहिलं की मीठ-मसाला तळाला आणि जाडा ऐवज वर येतो, तसं लोंढ्यातही होतं. मोठे दगड वर येतात, आणि वरचा थर जास्त वेगाने जात असल्यामुळे पुढे जमतात. त्यामुळे लोंढ्याचं तोंड म्हणजे घासत येणारी दगडांची भिंत. त्या दगडांमधून पाणी सहज निघून जातं, म्हणून तिथे दाब नसतो आणि घर्षण जास्त असतं. मागचं अंग मात्र पातळ, जवळजवळ द्रवरूप. ते या भिंतीला मागून ढकलतं आणि दगड बाजूला सारून दोन्ही काठांना बांध घालत जातं. मग त्याच बांधांच्या मधून लोंढा पुढे सरकतो, स्वतःचा कालवा स्वतःच खणल्यासारखा. तळ खडबडीत केला तर काय होईल, तेही पाहिलं गेलं. वेग कमी झाला, पण लोंढा पोचला तेवढाच लांब, कारण खडबडीत तळावर दगड जास्त ढवळले गेले आणि काठांचे बांध आणखी चांगले तयार झाले.

तिसरी गोष्ट २०११मध्ये प्रसिद्ध झाली. पन्हळीच्या तळाशी आधीच मातीचा थर पसरून त्यावरून लोंढा सोडला. थर पुरेसा ओला असेल तर लोंढ्याच्या वजनाखाली त्यातलं पाणी कोंडतं, थर सुटतो आणि लोंढा त्याला गिळून आणखी जड होतो, वेगही वाढवतो. माळीण ३० जुलै, तळिये २२ जुलै, इर्शाळवाडी १९ जुलै, २००५चा महाडचा प्रलय २५-२६ जुलै. महिनाभराच्या पावसाने जमीन तुडुंब झाल्यावरच्याच या सगळ्या तारखा. डोंगर सुटायलाही भिजलेली जमीन लागते आणि सुटलेल्याला मोठं व्हायलाही.

'पण हे टेबलावर नसतं का करता आलं?'

करतात, आणि कामाचंही असतं. पण फसगत होऊ शकते. लोंढा छोटा केला तरी पाणी छोटं होत नाही. त्याचा चिकटपणा तोच, थेंबाचं ताणलेलं कातडं तेच. अर्ध्या मीटरच्या घसरगुंडीवर ओली वाळू नुसती चिकटून बसते, कारण तिथे थेंबाची पकडच मालाच्या वजनाला भारी पडते.

दाबाचा हिशेब तर याहून वाईट. ओली गोधडी वाळायला चादरीपेक्षा किती जास्त वेळ लागतो, ते पावसाळ्यात कळतं. कोंडलेलं पाणी निसटायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने बदलतो: जाडी दहापट कमी केली तर पाणी शंभरपट लवकर निसटतं. म्हणजे टेबलावर लोंढ्याचा जो मुख्य गुण, तोच बघायच्या आत नाहीसा होतो. म्हणून पंचाण्णव मीटर.

अर्थात पन्हळही खऱ्या डोंगराहून खूप लहानच. वीस घनमीटर कुठे आणि वायनाड कुठे! मधला पूल बांधतात ते निसर्गातले नियमित लोंढे. स्वित्झर्लंडमधल्या इल्गराबेन या घळीतून दर उन्हाळ्यात काही लोंढे येतातच, तेव्हा तिथल्या संशोधकांनी पात्रात एक मोठा वजनकाटाच बसवून ठेवला आहे. लोंढा त्यावरून जातो आणि वजन, घर्षण नोंदून देतो. चीनच्या युन्नान प्रांतात जियांगजिया घळीपाशी असंच निरीक्षण अनेक दशकं चालू आहे.

'सगळं कॉम्प्युटरवर का नाही?'

कॉम्प्युटरचं गणित हवंच. उद्या एखाद्या घळीतून लोंढा आला तर कुठवर पोचेल, हे प्रत्येक घळीत दगड सोडून बघता येत नाही. पण गणित बरोबर आहे की नाही ते ठरवायचं कशावरून? आकडे मागेपुढे करून जुन्या दुर्घटनेचा नकाशा जुळवता येतो. त्याने फक्त तेवढी एक दुर्घटना जुळते. पन्हळीत किती माल, किती पाणी, किती भुसभुशीत, सगळं आधी माहीत असतं. तिथे गणिताला पळवाट नसते.

'मग आधी सांगता येईल का?'

कधी, हे नाही. अमुक रात्री अमुक डोंगर सुटेल, असं आज कोणीही सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पावसाच्या प्रमाणावरून तालुका किंवा जिल्ह्यापुरता धोक्याचा इशारा देता येतो. वरच्या अंगाला जमिनीची थरथर टिपणारी यंत्रं बसवली तर लोंढा निघाल्याचा भोंगा खाली वाजू शकतो, इल्गराबेनला तशी सोय आहे. त्याने काही मिनिटं मिळतात. धरालीत शिट्ट्यांचं काम तेच होतं.

कुठवर पोचेल, हे मात्र पुष्कळ सांगता येतं, आणि माझ्या मते आपण इथे कमी पडतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशाच्या सुमारे ४.३ लाख चौरस किलोमीटर डोंगराळ भागाचा दरडप्रवणतेचा नकाशा केला आहे. ते मोठं काम आहे. पण प्रवणतेचा नकाशा सांगतो की उतार कुठे सुटू शकतो. सुटलेला उतार कुणाच्या दारात जाऊन थांबेल, हा वेगळा नकाशा. चूरलमलाला दुसरा हवा होता.

'झाडं लावा, भिंती बांधा'

झाडांची मुळं वरची मीटर-दोन मीटर माती धरून ठेवतात, म्हणून पातळ थर सुटणं कमी होतं. जंगल तोडून उतार मोकळा करणं वाईटच. पण त्याखालचा खोल थर सुटला तर झाडं उभ्याउभ्या खाली येतात, आणि मग ती लोंढ्यातले ओंडके होतात.

भिंतींचं म्हणाल तर जपानने हजारो घळींत 'साबो' नावाचे बांध घातले आहेत. त्यांतले बरेच मुद्दाम फटी ठेवलेले असतात: पाणी आणि बारीक गाळ जाऊ द्यायचा, तोंडातले धोंडे अडवायचे. पोलादी कड्यांच्या जाळ्या ताणूनही हे करतात, आणि इल्गराबेनमध्ये त्या खऱ्या लोंढ्यांवर तपासल्या गेल्या. तोंड दगडांचं आणि अंग पातळ, हे कळल्याशिवाय अशी रचना सुचत नाही. पण बांध भरला की उपसावा लागतो, दर वेळी. टेंडर निघून बांध होतो, उपसायचं टेंडर कोण काढणार, हा प्रश्न मी आपल्याकडच्या अनुभवावरून विचारतो आहे.

सपाट जागा कुठून आली?

पन्हळीच्या खालच्या फरशीवर प्रत्येक प्रयोगानंतर एक ढीग उरतो, पुढे गोलसर, काठांना जाडे दगड. एकावर एक असे अनेक लोंढे येऊन थांबले की ओढ्याच्या तोंडाशी उघडलेल्या पंख्यासारखी जमीन तयार होते. हिमालयातल्या अरुंद दरीत तेवढीच काय ती सौम्य उताराची, पाणी जवळ असलेली, शेतीला बरी जागा. माणूस घर तिथेच बांधणार, पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आला.

अशी जमीन ओळखायला फार शास्त्र लागत नाही. ओढा छोटा आणि त्याच्या तोंडाशी माणसाएवढे धोंडे पडलेले असतील, तर ते नुसत्या पाण्याने आणलेले नाहीत. ओढ्याच्या दोन्ही काठांना दगडांचे लांबट बांध असतील आणि ते कोणी रचल्याचं गावात कुणाला आठवत नसेल, तर ते कोणी रचले ते आता तुम्हाला माहीत आहे. रस्त्यासाठी किंवा बंगल्यासाठी कापलेल्या मातीत बारीक गाळात अस्ताव्यस्त रुतलेले मोठे दगड थराथराने दिसले, तर थर मोजावेत.

धरालीही अशाच पंख्यावर वसलेली. तिथे कल्पकेदार नावाचं जुनं दगडी देऊळ होतं. पूर्वी कधीतरी ते गाळात पुरलं गेलं होतं, नंतर लोकांनी उकरून काढलं. आजूबाजूची जमीन एवढी वर आलेली होती की गाभाऱ्यात जायला भाविक खाली उतरत. त्या देवळाच्या आसपास हॉटेलं उभी राहिली. ५ ऑगस्टच्या लोंढ्यात ते पुन्हा गाडलं गेलं.